सात साखळ्या, नऊ आणे

बुधवार, ८ मे २०२४. पुणे

काल बारामती मतदारसंघाचं मतदान झालं, पुण्याचं येत्या सोमवारी आहे. त्यामुळे सरकारी कचेऱ्यांतली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामावर. आमच्या जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला मार्चमध्येच हातात आल्या होत्या म्हणून बरं. निघण्याआधी एकच काम उरलं होतं. मोडीतल्या दोन फेरफारांचं, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींचं, वाचन मोडीच्या सरांकडून तपासून घ्यायचं होतं.

कशासाठी चाललोय ते आधी सांगते. आमचं मूळ गाव पळसदेव, तालुका इंदापूर. आज पुणे-सोलापूर महामार्गावर दिसतं ते नवं पळसदेव. जुनं गाव भीमेच्या काठी होतं, ते उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पण पाणी त्याआधीच शिवारात चढायला लागलं होतं. गाव सोडलं तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, सत्तावीस वर्षांचे होते. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. यंदा उजनीचं पाणी फार खाली गेलंय. उपयुक्त साठा संपला की धरणाची टक्केवारी उणे मोजतात, आणि यंदा ती उणे पन्नासच्या आसपास आहे. जुनं गाव उघडं पडलंय. परवा अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांना पाणी द्यायचं ते आपल्या विहिरीवर जाऊन द्यावं, असं अप्पांनी फेब्रुवारीतच बोलून दाखवलं होतं.

पण विहीर नेमकी कुठे होती? सत्तेचाळीस वर्षं पाण्याखाली राहिलेल्या सपाट गाळात ती ओळखायची कशी? म्हणून नकाशे जमवले. पहिला म्हणजे पळसदेवचा गावनकाशा, ब्रिटिश काळातल्या फेरमोजणीनंतरचा. त्याची मोजपट्टी एका इंचाला वीस साखळ्या. साखळी हे जमीन मोजायचं जुनं माप. दुसरं आमच्या सर्व्हे नंबरच्या पोटहिश्श्याच्या मोजणीचं टिपण, १९२९ सालचं. तिसरा नकाशा अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेला. त्याचं प्रमाण एकास अडीच लाख, आणि टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तो संकेतस्थळावर फुकट ठेवलाय. त्यात आमच्या शेताचा पत्ता लागणार नाही, पण धरणापूर्वीची भीमा आणि जुनी रेल्वे जिथल्या तिथे आहे.

सरांनी फेरफाराची नक्कल भिंगाखाली धरली. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. लेखणी शक्यतो उचलत नाहीत, शब्दांत जागाही सोडत नाहीत. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मी त्या ओळीत ‘गणपती’ वाचलं होतं आणि खुश झाले होते. गणपती हे अप्पांच्या पणजोबांचं नाव. घरात सगळे सांगत आलेत की विहीर त्यांनी खोदली.

सर म्हणाले, “तुम्ही ओळखीच्या शब्दावर उडी मारलीत. त्याच्या मागे जा. सारजा. मग कोम. मग गणपती.”

जुन्या दप्तरात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. सारजा कोम गणपती. फेरफार १९१२ सालचा. मजकूर असा, की विहिरीच्या कामासाठी सरकारी तगाई, म्हणजे शेतीकर्ज, घेतली, सबब जमिनीवर बोजा. दुसरा फेरफार १९३४ चा. सारजा कोम गणपती मयत, वारस मुलगा.

म्हणजे मुलगा हाताशी आला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, तरी बाई जिवंत असेपर्यंत जमीन तिच्याच नावावर होती. आमच्या घरी भिंतीवर वंशावळ लावलेली आहे. सात पिढ्यांची, पुरुषांची. त्यात सारजा नाही.

घरी आल्यावर अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण विहीर पणजोबांनीच खोदली. माझे वडील सांगायचे.”

रात्री गावनकाशा परत पुढ्यात घेतला. शिवारातल्या विहिरी त्यात छोट्या वर्तुळांनी दाखवल्यात, अकरा मोजल्या. आमच्या नंबरात एकही नाही. १९२९ च्या टिपणात मात्र वर्तुळ आहे आणि बाजूला ‘विहीर’ लिहिलंय. म्हणजे गावनकाशा तयार झाला तेव्हा विहीर नव्हती, १९२९ मध्ये होती, आणि मधे १९१२ ची तगाई आहे. एकाच जागेचे दोन वेगवेगळ्या काळांतले नकाशे शेजारी ठेवले की असं काही हाती लागतं. एकट्या नकाशाने हे सांगितलं नसतं.

अप्पांना हे रात्री सांगितलं नाही. आधी आत्याला विचारायचं ठरवलं.

गुरुवार, ९ मे. पळसदेव

पहाटे साडेपाचला निघालो. भिगवणला चहा घेतला. पळसदेवला पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते आणि ऊन डोक्यावर आल्यासारखं तापलं होतं.

या रस्त्याने जाताना मला नेहमी एक गोष्ट आठवते आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबई इलाख्यातल्या ज्या जमीनमोजणीवर आपला सातबारा उभा आहे, तिची सुरुवात याच इंदापूर तालुक्यात झाली. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली मोजणी आणि आकारणी फसली होती. सारा डोईजड झाला, लोक जमिनी टाकून गेले. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर हाती घेतलं. शेताला नंबर दिला, हद्दीला दगड रोवले, मातीचा रंग आणि खोली बघून प्रत लावली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. इथे जमलेली रीत मग सगळीकडे गेली. या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठेवारीच्या जाहिराती आपण रोज वाचतो, तो गुंठा त्या साखळीचा.

सकाळी एका कार्यालयात गेलो होतो. धरणासाठी जमीन घेतली तेव्हाच्या, आमच्याकडच्या संपादनाच्या निवाड्यात गट नंबर आहे आणि टिपणावर सर्व्हे नंबर. १९४७ च्या कायद्याने तुकडे एकत्र करून गट पाडले, तेव्हा आकडे बदलले. जुना नंबर कुठल्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या ९(३)(४) च्या उताऱ्यावर कळतं, तो हवा होता. पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं, “गाव पाण्यात गेलंय, आता त्याचा उतारा घेऊन काय करणार?” अप्पांचा चेहरा उतरला. मला वाईट याचं वाटतं, की बुडालेल्या गावाच्या माणसाला कागदाशिवाय दुसरं काही दाखवता येत नाही, आणि कागद मागायला गेलं की हे ऐकावं लागतं. पण आतल्या खोलीतल्या एका वयस्क कर्मचाऱ्यांनी हे ऐकलं. ते स्वतः उठले, रजिस्टर काढलं आणि अर्ध्या तासात नक्कल दिली. त्यांचंही गाव धरणात गेलेलं.

दुपारी आत्याकडे. आत्या अप्पांपेक्षा सात वर्षांनी मोठी, एक्याऐंशीची. दिलेलीही गावातच, त्यामुळे जुन्या पळसदेवमध्ये तिचं माहेर आणि सासर हाकेच्या अंतरावर होतं. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी ओसरीवर गावनकाशा पसरला, ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, “मला काय कळायचं गं यातलं.”

इथे मी चूक करत होते. नकाशा मी वाचतात तसा धरला होता, उत्तर वर. आत्याच्या मनात दिशा अशा नसतात. तिला उगवत, मावळत आणि नदी एवढंच ठाऊक. विचारलं, “आत्या, जुन्या घराच्या दारात उभं राहिलं की नदी कुठं?” तिने उजवा हात केला. मी नकाशा तसा फिरवला, नदी तिच्या उजव्या हाताला येईल असा. मग तिला सांगितलं, “ही जाड रेघ नदी. ही दोन तुटक रेघांची गाडीवाट. ही एक तुटक रेघ पायवाट. आणि हे देऊळ, पळसनाथाचं.”

ती दोन मिनिटं गप्प बसली. मग आत जाऊन मूठभर शेंगदाणे घेऊन आली आणि एकेक दाणा मांडायला लागली. “ह्यो देवाचा पार. हितनं खालती आलं की कुंभारवाडा. हितं आमचं घर. ह्यो तुझ्या अप्पाचा गोठा. ही पायवाट नदीवर धुण्याला जायाची.” पुढे गावठाणाच्या बाहेर पडली आणि शेतांची नावं सांगायला लागली. चिंचेचं, माळाचं, मळई. नदीच्या गाळाची जमीन ती मळई. आमच्या निवाड्यात आणि सातबाऱ्यावर फक्त आकडे आहेत. ही नावं कुठल्याच कागदावर नव्हती. मी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने लिहीत गेले, हात भरून आला तरी ती थांबेना.

“आणि हितं म्हातारीची हिर.”

दाणा आमच्या नंबरावर पडला होता.

अप्पा म्हणाले, “पणजोबांची.”

“आरं, पणजा कुठला? त्यो दुस्काळातच गेला. तुला कुणी सांगितलं? आपल्या आजीनं मला सांगितलंय. सासूनं, म्हंजी म्हातारीनं, हातानं माती वडली. दीर म्हणाला बाईमाणूस हाय, जमीन माझ्या नावावर कर, तगाई मी काढतो. ती न्हाय म्हणाली. कचेरीत स्वतः जाऊन अंगठा उठवला. समदी म्हातारीचीच हिर म्हणायची. तुमी गडी माणसं पणज्याची म्हणत आला.”

तेव्हा मी अप्पांना सगळं दाखवलं. गावनकाशात नसलेलं वर्तुळ, टिपणात असलेलं वर्तुळ, १९१२ चा फेरफार. टिपणावर पोटहिस्से दोन होते. हिस्सा १ सारजा कोम गणपती, हिस्सा २ तिचा दीर. विहीर हिस्सा १ मध्ये. अप्पांनी भिंग घेतलं, ‘कोम’ वर धरलं. मोडी त्यांना येत नाही, तरी धरून ठेवलं.

संध्याकाळी आतेभावाने, दादाने, बाजारातून नायलॉनची दोरी आणि मातीचा करा आणला.

शुक्रवार, १० मे. अक्षय्य तृतीया. जुनं पळसदेव

सहालाच निघालो. रस्ता संपतो तिथे गाडी ठेवली आणि चालायला लागलो. एरवी जिथे मैलभर पाणी असतं तिथे भेगाळलेला गाळ. भेगा इतक्या रुंद की अप्पांचा हात मी सोडलाच नाही. शिंपल्यांचा सडा पडलेला, मेलेल्या चिलापी माशांचा वास, आणि लांबवर गाळ भरून नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. हा गाळ माळरानाच्या शेतात नेऊन टाकतात. आमच्या मळईची माती तीच.

पळसनाथाचं देऊळ लांबूनच दिसलं. खाली दगडी बांधणी, वर विटांचं शिखर. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही शिखर उभं आहे. आजूबाजूला वीरगळ पडलेत. अप्पा देवळाजवळ गेले, दगडाला हात लावला, चप्पल काढून आत डोकं टेकवलं. बाहेर येऊन म्हणाले, “आपण इथं सप्त्याला बसायचो,” आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

आता विहीर. माझ्या फोनमध्ये गावनकाशाची प्रतिमा आजच्या उपग्रह-छायाचित्रावर बसवलेली होती. असं बसवायला तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा जागा लागतात. देऊळ ही एक, शिवेवरचा एक टेकाडाचा माथा ही दुसरी, आणि ओढ्याचं एक ठळक वळण ही तिसरी. त्यावरून फोनने विहिरीची जागा दाखवली ती सरळ एका सपाट गाळाच्या मध्यात. तिथे काहीच नव्हतं. दादाने पहारीने दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं, नुसता गाळ. दहा वाजत आले होते, अप्पांना घाम फुटला होता. त्यांना छत्रीखाली बसवलं.

मग मी फोन खिशात ठेवला. कागदावरचा नकाशा सव्वाशे-दीडशे वर्षांत आकसतो, घडीवर ताणतो, नक्कल काढताना सरकतो. एका इंचाला वीस साखळ्या म्हणजे कागदावरचा पाव इंच जमिनीवर दीडशे फुटांच्या वर जातो. एवढ्या चुकीत विहीर सहज हरवते. टिपणाचं तसं नाही. टिपण हे मोजणीदाराने शेतात उभं राहून काढलेलं कच्चं चित्र. ते प्रमाणात काढलेलं नसतं, शेत वेडंवाकडं दिसतं, पण त्यावरचे आकडे साखळी टाकून घेतलेले असतात. चित्रावर भरवसा ठेवायचा नाही, आकड्यांवर ठेवायचा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ, आणि त्या रेघेवरून काटकोनात डावीकडे-उजवीकडे किती गेलं की बांध येतो, झाड येतं, विहीर येते, ते मोजून लिहिलेलं.

आमच्या टिपणावर रेघ सुरू होते तो कोपरा गाडीवाट आणि ओढा मिळतात तिथला. आणि ओढ्यावरची दगडी मोरी गाळातून वर आलेली आम्हाला येतानाच दिसली होती.

रेघेवर विहिरीशी आकडा होता ७-९. सात साखळ्या, नऊ आणे. तिथून डावीकडे १-४.

दादाने टेपने दोरीचा ३३ फुटांचा तुकडा मोजून कापला. आण्यांसाठी मी दोरी दुमडायला घेतली. एकदा दुमडली की आठ आणे, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा दोन, चौथ्यांदा एक. चार घड्यांत सोळा भाग. प्रत्येक घडीवर लाल दोऱ्याची गाठ मारली. एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. त्या मोजणीदाराची साखळी लोखंडी होती, आमची निळ्या नायलॉनची, पण हिशोब तोच.

रेघ कुठल्या दिशेला धरायची हा प्रश्न होता. टिपणात ती नंबरच्या समोरच्या कोपऱ्याकडे जाते, आणि तो कोपरा आज गाळात. अप्पा छत्रीखालून उठले, मोरीवर येऊन उभे राहिले, कपाळावर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, “बांध टेकाडाच्या खांद्याच्या सरळ जायचा. औत इथून घातलं की मी टेकाडाकडं बघून चालायचो, तास वाकडं जायचं नाही.” गावनकाशावर पाहिलं तर नंबरची ती कड वाढवली की टेकाडाच्या माथ्याच्या किंचित डावीकडून जाते. अप्पा बरोबर सांगत होते. म्हणून तीच रेघ धरली.

पहिली साखळी, खुंटी. दुसरी, खुंटी. चौथ्या साखळीला भेगांत पाय अडकून दादा पडला, गुडघा खरचटला, तिथून परत मोजलं. सात साखळ्या झाल्या. मग नऊ गाठी. तिथून काटकोनात डावीकडे एक साखळी, चार गाठी. मी खुंटी रोवली.

खुंटीच्या दोन हात पुढे गाळाचा रंग वेगळा होता. भेगा सरळ न जाता गोल वळत होत्या, ताटाच्या काठासारख्या. मधला भाग वीतभर खोल. दादाने पहार घातली आणि तिचा दगडावर खणकन आवाज झाला. आम्ही हातांनी गाळ उकरला. घडीव दगड, एकाला एक लागून, कमानीसारखा वळत गेलेला. तासाभरात साधारण चौथा हिस्सा उघडा झाला. विहीर तोंडापर्यंत गाळाने भरलेली, पण कड शाबूत.

अप्पा कडेने फिरत होते. एका जागी थांबून टाचेने गाळ सरकवला, मग खाली बसले आणि हाताने सरकवायला लागले. एक सपाट, किंचित खोलगट दगड निघाला. “थारोळं,” ते म्हणाले. मोटेचं पाणी पडायचं तो दगड. त्यांनी वळून मागे हात केला. “आणि ही धाव. बैल इकडून उतरायचे. मी आठ वर्षांचा असताना वडलांच्या मागं मोटेवर बसायचो.” त्या दगडाच्या मध्यात पाण्याने झिजून झालेली बशीएवढी खळगी होती. अप्पांनी ती अंगठ्याने पुसली आणि तळहात तिच्यात ठेवला.

करा पाण्याने भरला. आत्याने सकाळीच आंबा दिला होता, यंदाचा पहिला. आखितीला पितरांना दिल्याशिवाय ती आंबा तोंडात घालत नाही. अप्पांनी पाणी सोडताना नावं घेतली. वडील, आजोबा, पणजोबा. मग थांबले. म्हणाले, “सारजाबाई, गणपतीची बायको.” आणि परत एकदा पाणी सोडलं.

पाणी गाळाच्या भेगेत लगेच जिरलं.

दुपारी आत्याकडे पुरणपोळी आणि आमरस. तिला दगडाचा फोटो दाखवला. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, आणि विचारलं, “पाणी ग्वाड हाय का बगितलंत?” तिला कुणी सांगितलं नाही की विहिरीत पाणी नाही. अप्पाच म्हणाले, “गोडच आहे, ताई.”

शनिवार, ११ मे. डिकसळ पूल

परतीच्या आधी एक सूत राहिलं होतं. वंशावळीत सारजाबाईचं नाव लिहायचं तर तिचं माहेरही हवं. आत्याला माहेर ठाऊक नाही. एवढंच ऐकलेलं, की ती नदीच्या पलीकडची, आणि आजीला सांगायची, “माझ्या माहेरच्या दारातनं आगगाडी दिसती.”

इथे अमेरिकन नकाशा कामाला आला. आजच्या नकाशावर हे वाक्य भलतीकडेच नेतं, कारण धरणामुळे रेल्वेचा मार्ग या पट्ट्यात बदलला. जुनी रेल्वे डिकसळजवळ भीमा ओलांडून करमाळा तालुक्यात शिरायची आणि पोमलवाडी, जेऊर करत सोलापूरकडे जायची. ती सोलापूरला १८६० मध्ये पोचली. सारजाबाईचा मुलगा १८९३ च्या आसपासचा, म्हणजे तिच्या लहानपणी आगगाडी धावत होतीच. तिचं माहेर आजच्या रुळांजवळ शोधून उपयोग नाही, जुन्या काळ्या रेघेजवळ शोधायला हवं.

डिकसळचा जुना रेल्वे पूल अजून उभा आहे. रूळ गेले, त्यावरून रस्ता झाला, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतली गावं त्यावरून जोडली गेलीत. पुलावर थांबून खाली बघितलं तर दगडी खांबांवर पाण्याच्या जुन्या पातळ्यांचे पट्टे दिसतात. अप्पा म्हणाले, लहानपणी ते या पुलावरून आगगाडीने गेलेत.

पलीकडच्या काठाला दोन ठिकाणी विचारून पाहिलं. ती गावंही उठलेली, नव्या जागी वसलेली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दिलेल्या मुलीचं नाव एका सकाळीत कुणाला आठवणार? एका म्हाताऱ्यांनी मात्र चांगला सल्ला दिला. म्हणाले, पलीकडं दिलेल्या लेकीला माहेरून धान्य, भांडी, आहेर जायचा तो नदीच्या उतारावरून, म्हणजे पायी नदी ओलांडता येते तिथून, पावसाळ्यात नावेनं. उतार कुठं होते ते बघा. नकाशावर नदी ओलांडणारी पायवाट जिथे दिसते तिथे उतार. मी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. पळसदेवच्या वरच्या आणि खालच्या अंगाला अशा दोन वाटा नदीत उतरतात.

आम्ही बोटीने पलीकडे जायचा विचार केला होता, पण दुपारचा वारा बघून दादाने नको म्हटलं. पुण्याला परतल्यावर अकराव्या दिवशी बातमी आली, म्हणून इथून पुढचं नंतर लिहितेय. २१ मे रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ज्या पाण्यावर आम्ही उभे होतो तेच पाणी. अजून ते मनातून जात नाही.

पाऊस पडला की जुनं गाव परत झाकलं जाईल, म्हणून विहिरीचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवलेत, मोरीपासूनच्या मापांसह. ट्रेसिंग पेपरवर आत्याचे शेंगदाणे होते तिथे पेन्सिलचे ठिपके आहेत आणि प्रत्येकाशेजारी तिने सांगितलेलं नाव. एक नक्कल दादाकडे ठेवली.

वंशावळ अप्पांनी परवा भिंतीवरून खाली काढली. गणपतीच्या चौकटीशेजारी जागा नव्हती, म्हणून त्यांनी कागदाला कडेने पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, ‘सारजा. माहेर’, आणि पुढे जागा मोकळी सोडली. माझ्यासमोर अमेरिकन नकाशा आहे. जुन्या रेल्वेच्या आणि त्या दोन उतारांच्या मधली गावं मी लाल पेन्सिलने गोल केलीत. पाच भरली. दिवाळीनंतर पहिल्यापासून सुरू करायचं आहे.